मदत हवी आहे: एफएसीपीत सगळीकडे उणे, आयईपीत लिहू काय?

शाळाबाह्य
गृहाधारित शिक्षणातला मुलगा, वय ११. सेरेब्रल पाल्सी आणि अतितीव्र बौद्धिक अक्षमता. एफएसीपीची (बौद्धिक अक्षम मुलांना काय येतं ते तपासायची यादी) पूर्व-प्राथमिक यादी भरली, सगळीकडे उणे. मग एमडीपीएस (तशीच दुसरी, मद्रासची यादी) काढली. १८ क्षेत्रं, ३६० बाबी, आणि बहुतेक क्षेत्रांत पहिल्याच बाबीला गाडी थांबते. मागच्या वर्षीचं उद्दिष्ट 'वस्तूचा नजरेने मागोवा घेईल' असं होतं, ते पुन्हा उतरवायचं नाहीये. शुक्रवारी आयईपी (मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) द्यायचा आहे. 'संवेदी उद्दीपन द्या' एवढंच कृपया सांगू नका, ते कसं मोजायचं ते सांगा.

रानजाई
दिसतं कितपत? ऐकू येतं का, तपासणी झाली आहे? फिट येतात? औषध किती वाजता? यादी भरताना मूल बसलेलं होतं की आडवं? यातलं काहीच लिहिलेलं नाही. हे कळल्याशिवाय उणे म्हणजे 'येत नाही' की 'त्या वेळी जमलं नाही', कसं ठरवणार?

खटका
थेट स्विच लावा, म्हणजे मुलाने दाबलं की खेळणं चालेल. खेळण्यातल्या सेल आणि पट्टीच्या मध्ये दोन्ही बाजूंनी तांबं असलेल्या कॉपर क्लॅड बोर्डचा छोटा तुकडा सरकवायचा, दोन्ही बाजूंना एकेक वायर डाखायची आणि वायरींच्या टोकाला ३.५ मिमीचं मोनो सॉकेट. दाबायला मोठं, हलक्या हाताने दबणारं बटण. खेळणं फक्त सेलवर चालणारं घ्या, घरच्या विजेवरच्या वस्तूला हात लावू नका. त्याला सरकणारा चालू-बंद खटका हवा, कारण तो कायम 'चालू' ठेवायचा असतो. नुसतं मऊ बटण असलेली खेळणी या युक्तीने चालत नाहीत. आणि एकदा दाबल्यावर अख्खं गाणं वाजवणारं घेऊ नका. हात काढला तरी गाणं चालूच राहिलं तर माझ्यामुळे वाजलं हे मुलाला कळणार कसं?

शाळाबाह्य
डोळे तपासलेत. डॉक्टर म्हणाले डोळे ठीक आहेत, मेंदूकडून अडचण आहे. ऐकू येतं. फिट येतात, औषध सकाळी ८ ला. मी ९ ला शिकवायला जाते. चटईवर पाठीवर असतो. स्विच उजव्या हाताशी ठेवून पाहिला होता, दाबतो कधी कधी, पण कळून दाबतो असं वाटत नाही.

रानजाई
मग उत्तर इथेच आहे. मेंदूमुळे दृष्टी अधू असेल तर फुलाफुलांच्या चादरीवर ठेवलेली वस्तू त्याला वेगळी दिसतच नाही. काळं, न चकाकणारं कापड लावा. एकच वस्तू, एकाच रंगाची, लाल किंवा पिवळी, किंचित हलवलेली. त्या वेळी बोलू नका, कारण बऱ्याच मुलांना ऐकणं आणि बघणं एकदम जमत नाही. मग ३० सेकंद थांबा. मधेच पुन्हा हलवली की त्याचं गणित पहिल्यापासून सुरू होतं.
औषधानंतर तो पेंगत असेल तर ९ ची वेळ वाया जाते. घरच्यांना आठवडाभर दर अर्ध्या तासाला एकच शब्द लिहायला सांगा: सावध, चिडलेला, पेंगुळलेला, झोपलेला. फिट आली तर तीही. मूल्यमापन 'सावध'च्या वेळेतच करा. औषधाची वेळ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

पाऊलखूण
पाठीवर झोपवून हाताचा वापर तपासणं चूक आहे. एटीएनआर (तान्हेपणीची एक प्रतिक्षिप्त क्रिया) शिल्लक असेल तर मान उजवीकडे वळली की उजवा हात आपोआप ताठ होतो. तो स्विचवर आपटला तर ती निवड नव्हे, प्रतिक्षिप्त क्रिया. कुशीवर झोपवा किंवा कॉर्नर चेअरमध्ये (कोपऱ्यासारखी पाठ असलेली खुर्ची), नितंब मागे टेकलेले, पावलांना आधार. खेळणं मधोमध, म्हणजे मान सरळ राहील.

खटका
मान्य, पण म्हणून स्विच सोडायचा नाही. तपासायची रीत सोपी आहे. २ मिनिटं स्विच खेळण्याला न जोडता ठेवा, किती वेळा दाबला मोजा. मग २ मिनिटं जोडून. मग पुन्हा तोडून. जोडल्यावर आकडा वाढला आणि असं वेगवेगळ्या दिवशी झालं, तर संबंध कळतोय. तोडल्यावर तो आणखी जोरात दाबू लागला किंवा गप्प होऊन खेळण्याकडे वळला, तर फारच चांगलं. तिन्ही वेळा सारखंच आलं तर नुसती हालचाल समजा.

कायदेपंडित
यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) आहे ना? निरामय हा राष्ट्रीय न्यासाचा आरोग्य विमा काढलात का? १ लाखापर्यंत मिळतं. १८ पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागेल. कागद आत्ताच जमवा.

शाळाबाह्य
कार्ड आहे. पालकत्वाला ७ वर्षं आहेत, शुक्रवारला ४ दिवस!

अंगणओटा
हात धरून शिकवा. हातावर हात ठेवून चमचा रोज धरवला की सवय लागते.

रानजाई
पूर्ण असहमत. वरून हात दाबला की मूल एक तर हात ओढून घेतं नाही तर सैल सोडतं, आणि कागदावर 'साहाय्याने करतो' असं चढतं. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवा, म्हणजे हवा तेव्हा त्याला हात काढता येतो. बधिरांध मुलांबरोबर असंच काम करतात.

अंगणओटा
स्पास्टिक, म्हणजे ताठरलेला हात हाताखाली हात घालून चमच्यापर्यंत जाईल का? जेवताना थोडा आधार वरून लागतोच.

पाऊलखूण
आधी गिळण्याची तपासणी. जेवताना ठसका लागतो का, आवाज ओलसर होतो का? तसं असेल तर बक्षीस म्हणून खाऊ अजिबात नको, आणि आडवं असताना तर नकोच.

रानजाई
वेल्सच्या शासनाचं 'रूट्स फॉर लर्निंग' बघा. ४३ चौकोनांचा नकाशा आहे, 'उद्दीपनाची दखल घेतो' इथून सुरू होतो. एफएसीपीच्या दोन बाबींमध्ये जे सांडतं ते तिथे पकडता येतं. तुमच्या नमुन्यात बसेल असं उद्दिष्ट: 'कुशीवर, काळ्या कापडासमोर, सावध असताना लाल वाटी दाखवल्यावर ३० सेकंदांत हालचाल थांबवेल किंवा नजर वळवेल, ४ पैकी ३ वेळा, सलग ३ सत्रं.' हातपाय स्तब्ध होणं हासुद्धा प्रतिसादच, तो आधी लिहून ठेवा. नाहीतर प्रत्येक जण वेगळंच मोजेल.

शाळाबाह्य
आईने पावडरचा डबा उघडला की तो हमखास स्तब्ध होतो. हे चालेल?

रानजाई
पळेल! पण आधी पाहा, आवाजाला थांबतो की वासाला. बंद डबा नुसता वाजवा, मग आवाज न करता उघडा. आणि पावडर तोंडाजवळ नको, श्वासात जाते.