रक्त कमी आणि आपलं रोजचं ताट : अनुभव लिहा

रानजाई
काल भाचीचा रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन 9. बायकांचं 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. एकदम आई आठवली. धाकट्या भावाच्या वेळी अशीच पांढरीफटक पडली होती, जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच, पण जेवणावरचा चहा आधी बंद करायला लावला. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आजीने पालेभाजी लोखंडी कढईत करायला घेतली, वर लिंबू पिळून. हळूहळू चेहऱ्यावर तजेला आला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांत रक्तक्षय निघाला. घरोघरी आहे हे. तुमच्याकडे कशाने फरक पडला?

माईची_लेक
अळीव!! नारळाच्या पाण्यात भिजवून लाडू. बाळंतिणीलाच कशाला, वयात आलेल्या मुलींनाही द्या.

सुमेधा_क
आम्ही पक्के शाकाहारी. गोळ्या घेऊनही माझा आकडा हलेना. मग बी-12 तपासलं, ते तळाला. धान्य-भाज्यांत ते नसतंच, दूधदह्यातून मिळेल तेवढंच. इंजेक्शनं घेतली तेव्हा हातापायाच्या मुंग्या गेल्या. कृपा करून नुसतं बीट खात बसू नका, तपासणी करा.

दादा_नगरकर
+1. बीट लाल म्हणून रक्त वाढतं हे कोणी पसरवलं देव जाणे. आमच्या हिच्या गोळ्या दुधाबरोबर चालल्या होत्या, डॉक्टर म्हणाले कॅल्शियम आड येतं. आता लिंबूपाण्याबरोबर.

माईची_लेक
@सुमेधा_क काळजी घे ग. मुंग्या माझ्याही पायाला येतात, उद्याच रक्त तपासायला देऊन येते.

परदेसाई
कढईत केलेली भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि मुलं खात नाहीत. जाता जाता, इथे डब्लिनला ज्वारीचं पीठ मिळतं पण भाकरी थापताना फाटते. काय करू?

रानजाई
पीठ जुनं असणार. जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही. उकळत्या पाण्यात उकड काढून गरम असतानाच मळा.

दादा_नगरकर
आणि मालदांडी ज्वारी मिळाली तर तीच घ्या. कुकर झाला, आलोच.

परदेसाई
उकड काढून केली. जमली! चहा तासाभराने घेतो.