शब्दचर्चा : 'शाश्वत नेतृत्व' आणि त्याच्या सोबतचे शब्द

प्रश्न
गटप्रमुख, मुख्याध्यापक, पर्यवेक्षक अशा मंडळींसाठी एक पुस्तिका मराठीत लिहिते आहे. सांगायचे ते साधे आहे. दुसऱ्यांना बरोबर घेऊन चालणाऱ्याने स्वतःचा स्वभाव, राग, थकवा ओळखावा, तब्येत आणि मन सांभाळावे. तरच त्याचे काम वर्षानुवर्षे नीट चालते. हाताशी असलेल्या मसुद्यात 'आत्मजाणीव व कल्याणाद्वारे शाश्वत नेतृत्व' असे लिहिले आहे. हे वाचून कोणीही पान उलटेल. पुस्तिका दमलेल्या माणसांच्या हातात पडणार आहे, म्हणून शब्द जपून निवडायचे आहेत. तिन्ही शब्दांना पर्याय सुचवाल का?

प्रतिसाद
आधी 'शाश्वत' काढा. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७च्या ब्रुंटलँड अहवालाने जी कल्पना जगभर पोचवली, तिच्यासाठी मराठीत 'शाश्वत विकास' रुळला : आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा आणायची नाही. विकासाला तो शब्द खपून गेला. नेतृत्वाला लावला की मूळ अर्थ, म्हणजे कायमचे, न संपणारे, वर येतो आणि खुर्ची न सोडणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. 'टिकाऊ' वस्तूंना शोभते. मी 'झेपणारे नेतृत्व' म्हणेन. 'झेपणे' म्हणताना काम किती आणि करणाऱ्याची ताकद किती, हे दोन्ही एकदम मोजले जाते.

प्रतिसाद
'झेपणारे' चांगले, पण ते आजच्यापुरते वाटते. लांब पल्ल्यासाठी गाणाऱ्यांचा 'दमसास' घ्या. फारसी 'दम' म्हणजे श्वास आणि 'सास'ही श्वासच. दमसास असलेला गायक कधी श्वास घेतच नाही असे थोडेच असते? कुठे घ्यायचा हे त्याला कळते.

प्रतिसाद
मला जरा मुळाशी जावेसे वाटते, कारण अडचण एका शब्दाची नाही. पुढारपणाबद्दल आपण बोलतो ती सगळी भाषा ओझ्याची आहे. धुरा सांभाळणे, पदभार स्वीकारणे, कार्यभार सोपवणे, जबाबदारी खांद्यावर घेणे. 'धुरीण' म्हणजे धुरा वाहणारा, आणि मूळ संस्कृत 'धुर्' म्हणजे जू. ही भाषा इतकी अंगवळणी पडली आहे की वाकलेला खांदा हीच कर्तबगारीची खूण वाटते. प्रमुख वेळेवर घरी गेला की आपल्याला चुकचुकल्यासारखे होते. खुद्द त्यालाही होते.

पण 'नेता' हा शब्द ओझ्यातून आलेला नाही. तो 'नी' या धातूपासून आला, आणि नेत्र, नयन हेही परंपरेने त्याच धातूपासून साधतात. नेणे आणि पाहणे इतके जवळ आहे. स्वतःला पाहणे हा नेतृत्वाचा भाग आहे, हे सांगायला परका शब्द आणायची गरजच नाही.

आता 'कल्याण'. समाजकल्याण, कल्याणकारी योजना अशा प्रयोगांमुळे ते वरून कोणीतरी करायचे असते, असा वास त्याला येतो. मी 'स्वास्थ्य' घेईन. सुश्रुतसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, स्वस्थ माणसाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू यांच्या समतोलावर थांबलेले नाही. आत्मा, इंद्रिये आणि मन प्रसन्न असणेही त्यात धरले आहे. आणि स्व + स्थ, म्हणजे आपल्या जागी असलेला. तब्येत आणि मन दोन्ही एका शब्दात येतात.

प्रतिसाद
'स्वस्थ बसणे' म्हणजे काही न करता बसणे, त्याचे काय? मुख्याध्यापकांना 'स्वस्थ राहा' सांगितले तर काय समजतील?

प्रतिसाद
विशेषणाला तो धोका आहे, नामाला नाही. 'मनःस्वास्थ्य हरवले' म्हटल्यावर आळस कोणाच्याच मनात येत नाही. 'अस्वस्थ' तर रोज वापरतो आणि नेमक्या अर्थाने वापरतो.

प्रतिसाद
'आत्मजाणीव'ऐवजी 'आत्मभान' घ्यावेसे वाटेल, पण एक लक्षात ठेवा. दलित आणि स्त्रीवादी लेखनात 'आत्मभान'ला सामाजिक अर्थ आहे : आपण कोण, आपल्याला कोणत्या जागी ठेवले गेले, याची जाग. तो अर्थ पुसट होऊ नये असे मला मनापासून वाटते. पुस्तिकेत नुसते 'भान' चालेल. भान सुटते, भान राहते, माणूस भानावर येतो. ते त्या-त्या क्षणाचे असते. बैठकीत आवाज चढतो आहे हे चढतानाच कळणे म्हणजे भान. 'आत्मपरीक्षण' सगळे होऊन गेल्यावर, बहुधा अपयशानंतर येते. पुस्तिकेला दोन्ही लागतील, पण एकाच्या जागी दुसरे नको.

प्रश्नकर्ती
आणि 'बर्नआउट', म्हणजे कामाने माणूस आतून संपतो ते? 'थकवा' फारच हलका वाटतो.

प्रतिसाद
हलकाच आहे, कारण थकवा झोपेने जातो. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४मध्ये ही संज्ञा शास्त्रीय लेखनात आणली. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांच्या मापनपद्धतीत त्याची तीन अंगे ठरली : त्राण न उरणे, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याविषयीच मन कोरडे पडणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. मराठीत 'शीण' पहिल्याला पुरतो, तिन्हींना नाही. 'खचणे' बरेच जवळ जाते. 'करपणे' म्हणणारेही आहेत, मला ते फार निर्वाणीचे वाटते. करपलेले पूर्ववत होत नाही, माणूस होतो.

एक मात्र कळकळीने सांगते, 'आजार' लिहू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-वर्गीकरणात याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या जागेवरच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती असे धरले आहे. आजार म्हटले की औषध एकट्या प्रमुखाने घ्यायचे. प्रत्यक्षात कामाची वाटणी, मदतीला असलेली माणसे, सुट्टीतले फोन, हे सगळे त्यात येते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. आता पहिले वाक्य असे केले आहे : 'दीर्घकाळ झेपेल असे नेतृत्व करायचे तर प्रमुखाने भान ठेवावे आणि स्वतःच्या स्वास्थ्याची काळजी घ्यावी.'

प्रतिसाद
शब्द नेमके बसले. फक्त 'घ्यावी' काढून 'घेता यावी' करा, आणि 'प्रमुखाने'च्या जागी 'प्रमुखाला'. 'घ्यावी'मुळे त्याच्या यादीत आणखी एक काम वाढते. 'घेता यावी' म्हटले की संस्थेलाही विचारता येते, तशी सवड तुम्ही ठेवली आहे का? 'भान ठेवावे'चेही मग 'भान राखता यावे' होईल.