गाझा युद्धापासून आमच्या सर्वधर्मीय गटात सगळे गप्प झालेत, काय करू?

मधलीसुट्टी
आमचा वीसेक जणांचा गट आहे, ज्यू, मुस्लिम, ख्रिश्चन आणि आम्ही दोन-तीन हिंदू. महिन्यातून एकदा भेटायचो, एकमेकांच्या सणाला जायचो, गरजूंसाठी धान्य गोळा करायचो, छान चाललेलं. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने इस्रायलवर हल्ला केला, त्यानंतर बिनसलं ते बिनसलंच. पहिल्या आठवड्यात एकीने ग्रुपवर मेणबत्तीचा फोटो टाकला, नंतर दुसऱ्याने गाझातल्या मुलांचा, मग "तेव्हा कुठे होतात" सुरू झालं, दोघं ग्रुप सोडून गेले आणि आता साधं गुड मॉर्निंगपण येत नाही (त्याची आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं). मी ज्यूही नाही, मुस्लिमही नाही, म्हणून शिष्टाई माझ्या गळ्यात पडलीय. निवेदन काढावं म्हणून तीन मसुदे केले, तिन्हींवर कुणी ना कुणी रुसलं. एकाला 'युद्ध' हा शब्द चालेना, एकीला 'दोन्ही बाजू'. काय करू?

पाचवा_बाक
चौथा मसुदा करू नका. वीस माणसांच्या निवेदनाने तिकडची एक गोळी थांबणार नाही, इकडे मात्र शब्दाशब्दावर भांडणं होणार. त्यापेक्षा एकेकाला फोन करा, ग्रुपवर नाही, फोन. "तुमचं कुणी आहे का तिकडे?" एवढंच विचारा आणि मग ऐका. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंची बहीण तिकडे आहे हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं, आणि त्या चार महिन्यांत आम्ही त्यांच्यासमोर बसून नकाशे काढून चर्चा करत होतो, अजून लाज वाटते. आणि नेतन्याहूंचा जाब शेजारच्या ज्यू माणसाला, हमासचा जाब शेजारच्या मुस्लिमाला विचारायचा नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

उगाचच
+1. धीर द्यायला मतं जुळावी लागत नाहीत. 27 ऑक्टोबर 2018 ला अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) गोळीबार होऊन 11 जण गेले, तेव्हा अमेरिकेतल्या मुस्लिमांनी ऑनलाइन वर्गणी काढून 2 लाख डॉलरच्या वर जमवले होते. पुढे 15 मार्च 2019 ला न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, 51 माणसं गेली, तेव्हा पिट्सबर्गच्या ज्यूंनी तिकडच्यांसाठी पैसे गोळा केले. पॅलेस्टाइनवर त्यांचं एकमत झालं होतं म्हणून नाही केलं हे.

तिरकस_बाण
उदाहरण चांगलंय पण लागू होत नाही. तिथे मारणारा तिसराच होता, दोघांनी मिळून शोक करणं त्या मानाने सोपं. इथे एकाचं दुःख दुसऱ्याला आरोप वाटतं, घोडं तिथेच अडतं. आणि स्पष्ट बोलतो, "राजकारण नको, फक्त प्रेमाने राहू" हे ज्याच्या घरचं कुणी मेलं नाही त्याला परवडतं. गाझात हजारो मुलं गेली, त्याबद्दल तोंड उघडायची सोय नसेल तर तुमच्या गटात मुस्लिम मेंबर का येतील? हमासने पळवून नेलेल्या ओलिसांचं नाव काढलं की खोली थंड पडणार असेल तर ज्यू तरी का येतील?

पाचवा_बाक
@तिरकस_बाण मुद्दा मान्य, पण बोलायचं नाही असं मी म्हटलंच नाही, आधी फोन, मग बोलणं. पॅरेंट्स सर्कल म्हणून इस्रायली-पॅलेस्टिनी संघटना आहे, 1995 पासूनची, सहाशेच्या वर कुटुंबं, आणि प्रत्येक घरातलं कुणीतरी या संघर्षात गेलेलं. ते काय गोड गोड बोलत नाहीत, इस्रायलचा कब्जा, सूड सगळं टेबलावर असतं, पण आधी प्रत्येकजण आपलं कोण गेलं ते सांगतो. तो क्रम उलटा केला की टीव्हीवरचा वाद होतो.

खिडकीतला
विवियन सिल्व्हरबद्दल वाचा. विमेन वेज पीस या इस्रायली बायकांच्या शांतता संघटनेच्या संस्थापकांपैकी एक, गाझातल्या पेशंटना स्वतःच्या गाडीतून इस्रायलच्या हॉस्पिटलात सोडायच्या. 4 ऑक्टोबर 2023 ला त्यांच्या संघटनेचा पॅलेस्टिनी बायकांबरोबर जेरुसलेममध्ये एकत्र कार्यक्रम झाला, आणि तीन दिवसांनी हमासच्या हल्ल्यात त्या गेल्या. नंतर मुलाने आईचं शांततेचं काम उचललं. अशा घरातल्या माणसाला "तुमच्या कामाचा काय उपयोग झाला" विचारायची माझी तरी हिंमत नाही.

मधलीसुट्टी
अपडेट. मसुदे डिलीट केले. ग्रुप सोडून गेलेल्या दोघांनाच आधी फोन लावला. एकाने उचललाच नाही. दुसऱ्या पाऊण तास बोलल्या, त्यातली चाळीस मिनिटं माझ्यावर चिडून, शेवटी म्हणाल्या एवढ्या दिवसांत विचारणारे तुम्ही पहिलेच. मीटिंगला येणार का ते मी विचारलं नाही, पण धान्याच्या पिशव्या कुणाकडे पडल्यात ते त्यांनीच विचारलं. उचलला नाही त्याला उद्या परत लावतो.