दंडावरचे खरखरीत दाणे: स्क्रब नको
कॉलेजात जाणाऱ्या लेकीच्या दंडावर बारीक खरखरीत दाणे आहेत असं तुम्ही विचारलंत आणि वरच्या उत्तरांत सगळे स्क्रब सुचवताहेत, म्हणून लिहिते. कृपया घासू नका हो. वर्णनावरून हे केराटोसिस पिलारिस वाटतं. त्यात केसाच्या मुळाशी केराटिन (त्वचेतलं कडक प्रथिन) साचून छिद्र बुजतं; घासून फक्त लाली वाढते. १० ते २० टक्के युरिया किंवा १२ टक्के अमोनियम लॅक्टेटचं लोशन अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावा. मुंबईच्या दमट हवेत जाड क्रीम चिकचिकतं, मग मुली लावतच नाहीत. दिवसभर एसीत बसणारीला मात्र क्रीम चालेल. चुरचुरलं तर एक दिवसाआड. फरकाला काही आठवडे लागतात, आणि थांबवलं की दाणे बहुधा परततात. रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध) त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच, गरोदरपणात नकोच.