फाटक्या कानाचं चितळ

गवत्या:
परवा इथे ताडोब्याच्या चितळाचा फोटो आला. खाली ओळ: 'एडिटिंगला नावं ठेवणाऱ्यांनो, फिल्मच्या काळातही डार्करूम होतीच!' तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण लांबलं म्हणून हा वेगळा धागा. डार्करूममध्ये आम्ही पंजाची सावली धरून चेहरा उजळायचो, कडा गडद करायचो. जनावराला नवा कान शिवत नव्हतो. या नराच्या डाव्या कानाला चीर आहे. मार्चमध्ये पाणवठ्यावर अर्धा तास पाहिलंय त्याला. फोटोत कान अखंड! क्लॅरिटी, म्हणजे बारकावे ठळक करणारी पट्टी, इतकी ओढलीय की शिंगांवरची मखमल काथ्यासारखी दिसते. सूर्यकिरण डावीकडून येतात आणि सावलीही डावीकडेच पडते. वा!

रॉ_वाली:
फोटो माझाच. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाईल, उघडून बघितलीय कधी? राखाडी पोतेरं असतं नुसतं. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच रंग चढवतो, ते चालतं. मी चितळासमोर आलेली काडी फोटोतून काढली की पाप! छंद आहे हा, पंचनामा नाही.

फुकटचा_परीक्षक:
2018 मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव फोटो स्पर्धेतल्या मुंगीखाऊच्या फोटोचं बक्षीस काढून घेतलं, आठवतंय?

रॉ_वाली:
आठवतंय. तो भुसा भरलेला मुंगीखाऊ असल्याचा ठपका होता. एडिटिंगचा काय संबंध?

मोहर्लीकर:
काऊन भांडता राजेहो? चितळासाठी जिप्सी थांबते तरी का? मागच्या खेपेला मी म्हटलं, भाऊ, दोन मिनिटं थांब, नर मस्त उभा आहे. तर पुढच्या वळणावर वाघ आहे म्हणून गाडी दामटली. वाघ नाही, वाघाची शेपटी नाही. पंधरा गाड्यांची धूळ तेवढी खाल्ली.

माळरान:
हरणंच टिपायची तर रेहेकुरीला या. अभयारण्य चिमुकलं, पण काळवीट मनसोक्त दिसतं.

गवत्या:
काळवीट हरीण नाही, कुरंग आहे. हरणाची शिंगं गळून नवी येतात, काळविटाची जन्मभर तीच.

माळरान:
माझी आजी कर्जत तालुक्यातली. तिच्या ज्वारीत रात्री शिरायची ती हरणंच होती. कुरंग शिरले म्हणून तिने कधी गोफण उचलली नाही.

गवत्या:
आजीचा आदर आहे, पण मग नीलगायीला गाय म्हणून दावणीला बांधा.

माळरान:
आजीला मध्ये आणू नका.

गवत्या:
तुम्हीच आणलीत!

मोहर्लीकर:
आणि भेकर? त्याचं नावही कोनी घेत नाही.

रॉ_वाली:
काळविटाचं आटपलं असेल तर खाली मूळ फोटो टाकलाय. कान फाटकाच आहे, काडीही जागेवर. ते किरण प्रीसेटचे, म्हणजे एडिटिंगच्या तयार साच्याचे होते, सावलीकडे लक्षच गेलं नाही. एवढं मान्य. काडी मात्र पुन्हा काढणार.

गवत्या:
हाच टाकायचा होतात ना आधी. काडीमुळे तर कळतं, ते झुडपाआडून तुमच्याकडेच बघतंय. किरणांचं मान्य केलंत, उपकार झाले.

माळरान:
फोटो छान. हरीणही छान. रेहेकुरीचंही.