रंग काढून बघा की एकदा
वर दोघातिघांनी लिहिलंय की त्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर, म्हणजे कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावरल्या बाईच्या चित्रात, नजर पहिल्यांदा तिच्या पिवळ्या साडीवर जाते कारण भोवती सगळं निळंजांभळं, विरोधी रंग (शेजारी आले की एकमेकांना उठाव देणारे) वगैरे. अर्धं पटलं. मोबाईलवर चित्र ब्लॅक अँड व्हाईट करून बघा, साडी आणि पंचगंगा घाटाच्या फिक्या जांभळ्या पायऱ्या जवळपास एकाच करड्या टोनच्या होतात आणि उठून दिसतो तो बाईचा काळाभोर अंबाडा, मागं चकाकणारं पाणी. सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ शेजारी आले की नजर तिथंच अडकते, पायऱ्यांच्या तिरक्या रेषा पण तिकडंच नेतात.

रंगाशिवाय चित्र किती बोलतंय हे बघायचं असेल तर कोल्हापुरातच राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे, लोकं त्यांना सिनेमाचे हिरो म्हणूनच ओळखतात पण त्यांची पावडर शेडिंगची (कागदावर पूड घासून छटा काढलेली) निसर्गचित्रं निवांत बघा, रंगांचा खेळ नाही, लांबचं-जवळचं सगळं गडद-फिक्यावर तोललेलं. बाकी मुखपृष्ठावर डाव्या कोपऱ्यातली ती जाड लाल अक्षरं साडीशी उगाच भांडतायत, त्यावर कुणीच कसं बोललं नाही?