करवीर वगळला तर २३ सभासद गेले कुठं?

आमच्या दूध संस्थेचे सभासद ४१२, त्यात करवीर तालुक्यातले १८०. ‘व्हेअर तालुका <> 'करवीर'’ मारलं (म्हणजे करवीरचे नसलेले दाखव) तर २३२ पाहिजेत, येतात २०९. सचिव म्हणतात, माणसं रंकाळ्यात बुडाली काय? डेटाबेस पोस्टग्रेस आहे.

— भावा, त्या २३ जणांचा तालुका नल, म्हणजे रकाना रिकामा असणार. नलशी तुलना केली की उत्तर खरंही नाही, खोटंही नाही, ‘अननोन’. व्हेअर फक्त खरं तेवढंच आत घेतं. <> काढ, ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ घाल, ते नललाही वेगळा धरतं.

— ‘नॉट इन’च्या (यादीत नसलेले दाखव) यादीत एक जरी नल शिरला तर एकही ओळ येत नाही. पगारपत्रकात भोगलंय मी. तिथं ‘नॉट एक्झिस्ट्स’ (जुळणारी ओळ नसलेले दाखव) वापरा.

— २३२ आले, लई भारी! सगळे शिरोळचे निघाले. २०१९च्या पुरात अर्ज भिजलेले, तालुका वाचताच आला नव्हता.